पाण्यावर तरंगणारे दोन थेंब

आईच्या उशाशी एक छोटी तपकिरी बाटली होती. पंधरा मिलिलिटरची, झाकणाखाली थेंब पाडायची प्लास्टिकची चोच असलेली. लेबलवर लिंबाचं चित्र, त्याखाली 'शंभर टक्के शुद्ध' आणि 'नैसर्गिक' हे शब्द ठळक. बाकीचा मजकूर इतका बारीक, की चष्मा लावूनही वाचता येईना. आईच्या ओळखीच्या एका बाईंनी ती दिली होती. सोबत एक छापील तक्ता होता. डाव्या बाजूला आजार, उजव्या बाजूला तेल. डोकेदुखी, अपचन, झोप न लागणं, सांधेदुखी, मधुमेह, रक्तदाब. एकाही आजारापुढची जागा रिकामी नव्हती.

रक्तदाबापुढे लिंबू होतं. रोज सकाळी पेलाभर पाण्यात दोन थेंब. 'गोळी हळूहळू सुटेल,' असं त्या बाईंनी सांगितलं होतं आणि आईने ती सोडायला सुरुवातही केली होती. आधी अर्धी, मग एक दिवसाआड. आम्हाला तिने याचा पत्ता लागू दिला नाही. नेहमीच्या तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी दंडाला पट्टा दोनदा बांधून पाहिला, कारण आकडा त्यांनाही पटेना. 180 वर 110.

त्या संध्याकाळी मी काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि त्या बाटलीतले दोन थेंब टाकले. ते वर तरंगत राहिले. चमच्याने ढवळलं की बारीक गोळ्या व्हायच्या, हात थांबला की पुन्हा एकत्र येऊन पेल्याच्या कडेला लागायच्या. तेल पाण्यात मिसळत नाही हे शाळेतलं ज्ञान, पण ते डोळ्यांनी पाहिल्यावर एक गोष्ट लख्ख कळली. पहिल्या घोटाबरोबर आईच्या ओठांना आणि हिरड्यांना जे लागत होतं, ते पातळ केलेलं तेल नव्हतंच. ते निव्वळ तेल होतं. 'तोंड आतून सोलवटल्यासारखं वाटतंय गं,' असं ती तीन आठवडे म्हणत होती आणि आम्ही तिला दातांच्या डॉक्टरांकडे न्यायच्या विचारात होतो.

राग आला, तो लपवत नाही. पण त्याच बाटलीमुळे आईची सकाळ बरी जात होती, हेही मी रोज पाहत होते. झाकण उघडलं की तिचा चेहरा सैल व्हायचा. आजारपणानंतर कितीतरी महिन्यांनी ती सकाळी उठून खिडकीशी बसू लागली होती. या दोन्ही गोष्टी एकाच बाटलीच्या होत्या, म्हणून हा प्रश्न मला 'सगळं थोतांड आहे' असं म्हणून झटकून टाकता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे. सुगंधाने बरं वाटतं आणि ते बरं वाटणं खरं असतं. त्याला कुणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पण ज्या क्षणी विकणारा बाटलीपुढे आजाराचं नाव लिहितो, त्या क्षणापासून ती बाटली औषध धरली गेली पाहिजे. औषधाला जो पुरावा लागतो, जी मात्रा ठरवावी लागते, जे इशारे छापावे लागतात, ते सगळं तिलाही लागलं पाहिजे. आणि हे एकेका तेलाचं, एकेका आजाराचं वेगवेगळं व्हायला हवं. 'सुगंधी तेलं गुणकारी असतात' या वाक्याला तितकाच अर्थ आहे, जितका 'गोळ्या गुणकारी असतात' या वाक्याला.

'अरोमाथेरपी', म्हणजे सुगंधी तेलांनी उपचार, हा शब्द फार जुना नाही. रेने-मोरिस गॅटफॉसे या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने तो रूढ केला. त्याचं पुस्तक 1937 सालचं. 1910 मध्ये प्रयोगशाळेत स्फोट होऊन त्याचे हात भाजले आणि जखमा सडू लागल्या, तेव्हा त्याने त्या लॅव्हेंडरच्या तेलाने धुतल्या. पुढे या प्रसंगाची गोष्ट सांगता सांगता त्याने जळता हात चुकून लॅव्हेंडरच्या भांड्यात बुडवला आणि तो चमत्काराने बरा झाला, असं तिचं रूप झालं. मूळ माणूस रसायनतज्ज्ञ होता. जखमेतल्या जंतूंवर हे तेल काय करतं, हा त्याचा प्रश्न होता. मन प्रसन्न करण्याशी त्या प्रश्नाचा फारसा संबंध नव्हता. आज त्याचाच शब्द मेणबत्तीवरही असतो, शाम्पूवरही आणि आईच्या त्या तक्त्यावरही.

वासाने माणूस हलतो याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. डोळ्यांकडून आणि कानांकडून आलेली खबर मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या चौकीवर थांबते, मग पुढे जाते. वासाची खबर त्या चौकीला वळसा घालून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचते. नाकातले वास ओळखणारे ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, कोणत्या जनुकांमुळे तयार होतात, हे रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये दाखवलं. 2004 चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. माणसात अशी सुमारे 400 जनुकं काम करतात. वासाची वाट अशी थेट आहे, म्हणून एखादा वास आला की कुठलं तरी विसरलेलं घर, कुणाची तरी साडी, एखादी दुपार अंगावर येते. ती आठवली असं म्हणायलाही आपल्याला सवड मिळत नाही.

पण याच रचनेचा दुसरा अर्थ विकणारे सांगत नाहीत. कोणता वास शांत करेल आणि कोणता अस्वस्थ करेल, हे बरंचसं आपण शिकलेलं असतं. रेचल हर्ट्झ या संशोधिकेने एका प्रयोगात लोकांना एकाच मिश्रणाचा वास दिला. एकदा सांगितलं की हे चीज आहे, एकदा सांगितलं की ही ओकारी आहे. मिश्रण तेच, पण पसंती नावासरशी पालटली. तेव्हा 'लॅव्हेंडर मज्जासंस्था शांत करतं' हे वाक्य ज्याने लहानपणापासून लॅव्हेंडर शांत खोलीत हुंगलं त्याच्या बाबतीत खरं वाटेल, आणि ज्याला तो वास दवाखान्याच्या फरशीवरून आठवतो त्याच्या बाबतीत साफ खोटं ठरेल. तक्त्यात या माणसासाठी रकाना नसतो.

लिंबाच्या बाबतीत तर मला नेमका प्रयोग सापडला. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि सहकाऱ्यांनी 56 निरोगी माणसांना वेगवेगळ्या दिवशी लॅव्हेंडर, लिंबू आणि साधं पाणी हुंगायला दिलं. त्यांचे हात बर्फाच्या पाण्यात बुडवून वेदना मोजली. त्वचेचा वरचा थर चिकटपट्टीने काढून तो किती वेगाने भरून येतो ते पाहिलं. रक्त तपासलं, लाळ तपासली, नाडी आणि रक्तदाब मोजला. 2008 साली निष्कर्ष छापून आले. लिंबाच्या वासाने लोकांची मनःस्थिती खरोखर सुधारली होती, अपेक्षा काय ठेवायची हे आधी सांगितलेलं असो वा नसो. आणि रक्तदाबावर, नाडीवर, वेदनेवर, त्वचा भरून येण्यावर लिंबाचाही भरवशाचा परिणाम दिसला नाही आणि लॅव्हेंडरचाही नाही.

हे वाचताना मला खिडकीशी बसलेली आई दिसली. तिची सकाळ बरी जात होती आणि रक्तदाब वाढत होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. उलट धोका तिथेच आहे. रक्तदाब चढलेला माणसाला कळत नाही. मन हलकं झालेलं मात्र लगेच कळतं. ज्याला आतून बरं वाटतंय त्याला 'तुझी गोळी चालू ठेव' हे पटवणं फार अवघड असतं.

आता कुणी म्हणेल की एका प्रयोगावरून सुतावरून स्वर्ग गाठू नये. बरोबर आहे. 2012 मध्ये मिउंग सू ली, एड्झार्ड अर्न्स्ट आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे दहा पद्धतशीर आढावे एकत्र तपासले आणि कोणत्याही आजारासाठी पटण्याजोगा पुरावा नाही असं लिहिलं. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी सुगंधी तेलं वापरण्यावर, वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 मध्ये 13 चाचण्या, म्हणजे 708 रुग्ण, धुंडाळून पाहिले. तिथेही खात्रीचं काही हाती आलं नाही. यात एक अडचण मुळातलीच आहे. औषधाच्या चाचणीत कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी, हे रुग्णाला कळू देत नाहीत. वास कसा लपवणार? ज्याला लॅव्हेंडर दिलं त्याला ते लॅव्हेंडर आहे हे कळतंच, आणि कळलं की त्याच्या मनातलं सगळं लॅव्हेंडर जागं होतं. या अडचणीमुळे संशोधक हैराण असतात आणि विकणारे मोकळे असतात.

म्हणून जिथे पुरावा उभा राहिला आहे, तिथे तो कसा उभा राहिला हे पाहणं मला महत्त्वाचं वाटतं. आतड्याच्या आयबीएस नावाच्या जुनाट दुखण्यावर पेपरमिंटच्या तेलाची कॅप्सूल बऱ्याच चाचण्यांमध्ये उतरली; अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2021 च्या मार्गदर्शक सूचनांत तिची शिफारस केली. त्या कॅप्सूलवर पोटात न विरघळता आतड्यात विरघळणारं आवरण असतं. त्याशिवाय तेच तेल छातीत जळजळ करतं. जर्मनीत लॅव्हेंडर तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल चिंतेच्या त्रासासाठी औषध म्हणून मान्य आहे. 1990 साली ऑस्ट्रेलियात मुरमांच्या 124 रुग्णांवर टी ट्री या झाडाच्या तेलाची पाच टक्क्यांची जेल आणि मुरमांवरच्या बेन्झॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाचं पाच टक्क्यांचं मलम ताडून पाहिलं. दोन्ही लागू पडली; टी ट्री हळू, पण कातडीला कमी त्रास देऊन. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल दंतवैद्य कैक वर्षं वापरत आले आहेत.

ही यादी मी सुगंधी तेलांची बाजू घ्यायलाच दिली आहे. पण नीट पाहिलं तर यातल्या प्रत्येक ठिकाणी तेल मोजलेलं आहे. टक्केवारी ठरलेली, मात्रा ठरलेली, कुठे लावायचं आणि किती दिवस हे ठरलेलं. खोलीत डिफ्युझर, म्हणजे सुगंध हवेत पसरवणारं यंत्र, लावून यातलं काहीच घडत नाही. वनस्पतीतला एखादा रेणू औषध म्हणून काम करतो तेव्हा तो औषधासारखाच वागतो: थोड्याने गुण, जास्तीने अपाय, चुकीच्या जागी दाह. नैसर्गिक आहे म्हणून त्याला त्यातून सूट मिळत नाही.

दोन उदाहरणं मला विशेष लख्ख वाटतात, आणि दोन्ही फारशी कुणी विकत नाही. पहिलं वास गेलेल्या माणसांचं. जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये वास गमावलेल्या रुग्णांना चार वास रोज दोनदा, बारा आठवडे हुंगायला लावले: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग. सराव करणाऱ्यांची वास ओळखायची ताकद सराव न करणाऱ्यांपेक्षा सुधारली. कोविडनंतर जगभर कितीतरी लोकांनी हा सराव केला. यात तेलाच्या अंगी गुण आहे असा दावाच नाही. झोपलेल्या नसांना रोज हाक मारायची, इतकंच. चिकाटी लागते, बाटली कुठलीही चालते.

दुसरं मळमळीचं. शस्त्रक्रियेनंतर किंवा आकस्मिक विभागात आलेल्या रुग्णाला मळमळत असलं, तर आल्याचा, पेपरमिंटचा वास देऊन पाहतात. त्यांचे निकाल कच्चे आहेत. पण सुई टोचण्याआधी कातडी पुसायची जी स्पिरिटची पट्टी असते, ती नाकाशी धरून खोल श्वास घेतला की मळमळ कमी होते, हे 2016 पासूनच्या चांगल्या चाचण्यांत दिसलं आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोल. ना फूल, ना पान, ना डोंगरउतारावरची शेती. प्रत्येक इस्पितळाच्या खणात पडलेली वस्तू. तिची जाहिरात करणारं कुणी नाही, म्हणून घरोघरी ती पोचलेली नाही. पुरावा एका वाटेने जातो आणि विक्री दुसऱ्या वाटेने, हे मला यातून जितकं कळलं तितकं कुठल्याच टीकेतून कळलं नव्हतं.

याला उत्तर म्हणून जे सांगितलं जातं, ते मी आईच्या परिचित बाईंकडूनच ऐकलं. मी त्यांना फोन केला होता. त्या लबाड नव्हत्या; हे मला स्पष्ट लिहायचं आहे. त्या स्वतःही रोज ते थेंब घेत होत्या. त्यांना तक्ता वरून आला होता, बैठकीत शिकवलं गेलं होतं, आणि महिन्याला ठरावीक बाटल्या खपवल्या तरच त्यांचं नाव यादीत राहत होतं. 'अहो, हजारो वर्षांचं आहे हे,' त्या म्हणाल्या. 'पानाफुलांनी कुणाचं वाईट झालंय का कधी?'

हजारो वर्षांचं असेल ते पान, ते फूल, तो काढा. वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेला अर्क ही वेगळी वस्तू आहे. किलोभर गुलाबतेलाला तीन ते पाच हजार किलो पाकळ्या लागतात. लिंबाचं तेल सालीतून दाबून काढतात. अख्खी टोपलीभर सालं पिळली तर हातात येतं ते एवढंसं. एका थेंबात माणूस कधी खाणार नाही इतकी वनस्पती असते. कधीही कुणी एवढी खाल्ली नाही, म्हणून पूर्वजांचा अनुभव इथे आपल्याला वाचवू शकत नाही.

आणि पानाफुलांनी वाईट झालेलं आहेच. विंटरग्रीन नावाच्या झुडपाचं तेल जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. त्याचा एक चमचा, पाच मिलिलिटर, सुमारे सात ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचा. म्हणजे 325 मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या. लहान मुलाच्या जिवावर बेतायला तेवढं पुरतं. निलगिरीचं तेल किंवा कापूर पोटात गेला तर मुलांना झटके येऊ शकतात. अशा वेळी ओकारी काढायला लावू नये, कारण तेल फुप्फुसात उतरलं तर दुसरंच संकट. तान्ह्या बाळाच्या नाकाखाली मेन्थॉल चोळलं तर त्याचा श्वास अडखळू शकतो. लिंबू, बर्गमॉट अशी दाबून काढलेली सालीची तेलं लावून उन्हात गेलं तर कातडी भाजते आणि डाग महिनोन्महिने राहतात. मांजराच्या यकृताला यातली कितीतरी द्रव्यं निकामी करताच येत नाहीत. टी ट्री त्याच्या अंगावर लावणं म्हणजे त्याला विष चाटायला देणं.

यातलं एक फार लोकांना माहीत नसतं, म्हणून थोडं थांबते. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि लिंबातलं लिमोनीन ताजं असताना कातडीला फारसा त्रास देत नाही. बाटली उघडी राहिली, उजेडात राहिली, जुनी झाली की हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन जी द्रव्यं तयार होतात, ती मात्र ॲलर्जी आणतात. आणि ही ॲलर्जी एकदा जडली की जात नाही. पुढे आयुष्यभर साबण, क्रीम, भांडी घासायची पावडर, सगळ्याची लेबलं वाचत बसावं लागतं. आईच्या बाटलीवर ती कधी भरली हे छापलेलं होतं. उघडल्यावर किती दिवसांत संपवावी, हे नव्हतं.

तिसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे: औषध कंपन्यांनीही माणसांची फसवणूक केली आहे, गोळ्यांचेही दुष्परिणाम आहेत, मग छोट्या बाटल्यांच्या मागे का लागता. हे खरं आहे. पण औषध कंपन्यांची लबाडी पकडली गेली ती चाचण्या, नोंदी आणि परत मागवण्याचे नियम होते म्हणून. तेच नियम सुगंधी तेलांना नकोत, असा यातून अर्थ निघत नाही. उलट निघतो.

2021 साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतली चार माणसं मेलिऑइडोसिस या आजाराने पडली. उष्ण प्रदेशातल्या मातीत आणि पाण्यात सापडणाऱ्या जिवाणूचा हा आजार. आणि यातलं कुणीही परदेशी गेलेलं नव्हतं. त्यातली दोन माणसं दगावली, त्यात एक लहान मूल. कित्येक महिने तपास चालला. शेवटी तो जिवाणू खोलीत फवारायच्या लॅव्हेंडर-कॅमोमाइलच्या सुगंधी फवाऱ्याच्या बाटलीत सापडला. बाटल्या परत मागवल्या गेल्या, सुमारे 3,900. डोळ्यात घालायच्या थेंबांत जंतू आहेत का हे विक्रीआधी तपासतात. ज्या घरात तान्हं मूल झोपतं त्या घरातल्या हवेत फवारायच्या पाण्याची तशी तपासणी होत नाही, कारण ती वस्तू 'सुगंधी' या खात्यात मोडते.

खात्यांचा हा खेळच मुळाशी आहे. एकच तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकता येतं, घर सुवासिक करायची वस्तू म्हणून विकता येतं, खाद्य स्वाद म्हणून विकता येतं. बाटली सगळ्यात सोप्या खात्यात नोंदवायची आणि तोंडाने मात्र औषधाचं बोलायचं. अमेरिकेच्या कायद्यात 'कशासाठी विकता' यावरून वस्तू औषध आहे की नाही ते ठरतं, आणि तो विचार मला योग्यच वाटतो. 2014 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दोन मोठ्या तेल कंपन्यांना इशारेपत्रं पाठवली, कारण त्यांचे विक्रेते इबोलावरही तेल चालतं असं सांगत होते. इबोलावर! पण पत्र जातं कंपनीला. बैठकीच्या खोलीत, फोनवर, आजाऱ्याच्या उशाशी बसून जे बोललं जातं, ते कुठल्या कागदावर येतं? कंपनी म्हणते, आम्ही तसं लिहिलेलं नाही. विकणारी म्हणते, मला तसं शिकवलं. आजारी माणसाला दोघीही वाऱ्यावर सोडतात.

म्हणून जबाबदारी कंपनीचीच असली पाहिजे, विकणाऱ्याच्या तोंडी दाव्यांसकट. ज्या साखळीतून माल खपवून नफा घेता, त्या साखळीतून गेलेल्या शब्दांचीही जोखीम घ्या. 'थेराप्युटिक ग्रेड', म्हणजे उपचाराच्या दर्जाचं, यासारखे शब्द लेबलवरून काढून टाका. अशी प्रतवारी देणारी कोणतीही स्वतंत्र संस्था नाही, ते कंपन्यांनी स्वतःच स्वतःला दिलेलं प्रशस्तिपत्रक आहे. त्यापेक्षा वनस्पतीचं शास्त्रीय नाव छापा, कारण लॅव्हेंडर म्हणून विकली जाणारी झाडंही एकाहून अधिक आहेत. कातडीवर लावायचं तर वाहक तेलात, म्हणजे खोबरेलासारख्या साध्या तेलात, किती पातळ करायचं ते मोठ्या अक्षरात लिहा: दोन टक्के म्हणजे 30 मिलिलिटर तेलात साधारण बारा थेंब, हे कुणालाही कळेल. मुलांना उघडता येणार नाही असं झाकण द्या. पोटात घेऊ नये, हे चित्राने दाखवा. युरोपात प्रसाधनांवर लिनालूल, लिमोनीन, युजेनॉल यांसारखी 26 ॲलर्जीकारक सुगंधी द्रव्यं ठरावीक प्रमाणापलीकडे असली तर नावानिशी छापावी लागत होती. 2023 मध्ये ती यादी 80 च्या पुढे नेली. म्हणजे हे करता येतं. करायची इच्छा लागते.

बंदी मात्र मला नको आहे. बंदीने बाटली पिशवीत जाईल आणि लेबल उरलंसुरलंही निघून जाईल. शिवाय त्या बाईंनी आईला जे दिलं त्यातलं सगळंच बाटलीतलं नव्हतं. त्या दर मंगळवारी येत. आईचा हात हातात घेऊन अर्धा तास तळव्याला तेल चोळत आणि तिचं सगळं ऐकून घेत. आमचे डॉक्टर भले आहेत, पण त्यांच्याकडे बाहेर रांग असते. आमच्याकडे, तिच्या स्वतःच्या मुलांकडे, अर्धा तास नव्हता. तक्त्यावरचा खोटा शब्द तिच्या गळी उतरला तो या अर्ध्या तासामुळे. जिथे वेळ आणि स्पर्श मिळतो तिथे माणूस विश्वास ठेवतो. आजारी माणसाच्या बाजूने बोलणाऱ्या प्रत्येकाने, डॉक्टरांनी आणि घरच्यांनीही, याची लाज वाटून घ्यायला हवी. मला वाटते.

आईला हे सगळं सांगायला मी दोन दिवस घेतले. प्रयोगांबद्दल सांगितलं, पेला दाखवला, तरंगणारं तेल दाखवलं. तिने बोटाने ते पाण्यावर ढकलून पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही.

'म्हणजे आता वासही घ्यायचा नाही?' तिने विचारलं.

'वास घे ना. पोटात नको. रुमालावर एक थेंब टाक.'

तिने गोळी अख्खी घेतली, पाणी प्याली. मग उशाखालचा रुमाल काढून त्याच्या कोपऱ्यावर थेंब पाडला, झाकण घट्ट लावलं आणि बाटली नातवाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवायला माझ्याकडे दिली.